ज्यांची पोरं त्या शाळेत नव्हती

नेपरव्हिलच्या आमच्या घराची घरपट्टी दोन हप्त्यांत भरायची असते, एक जूनमध्ये आणि दुसरा सप्टेंबरमध्ये. बिल म्हणजे एकच कागद, पण कोणाला किती गेले ते त्यावर ओळीनं छापलेलं असतं: काउंटी, जंगल राखणारं खातं, शहर, वाचनालय, बागा-मैदानं, कम्युनिटी कॉलेज आणि इंडियन प्रेअरी स्कूल डिस्ट्रिक्ट २०४. सगळ्यात मोठा आकडा शाळांचा, एकूण रकमेच्या निम्म्याहून बराच जास्त. इलिनॉयमधल्या सरकारी शाळा मोठ्या प्रमाणावर घरपट्टीवर चालतात, आणि घरात शिकणारं मूल असो वा नसो, ती कोणाला चुकत नाही.

असा कागद वाचायला मी निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी, सायखेड्यात शिकले, तात्यांच्या ओट्यावर.

तात्या आमच्या नात्यातले नव्हते. घराला घर लागून, एवढाच संबंध. गोदाकाठी त्यांची काळी जमीन होती, कांदा आणि थोडी द्राक्षं. त्यांना आणि काकूंना मूलबाळ नव्हतं. उन्हाळ कांदा चाळीतून निघाला की तात्या ट्रॉली भरून बाजारात जायचे. पिंपळगाव बाजार समितीचा उपबाजार गावातच आहे. लिलाव उरकून परत आले की बंडीच्या खिशातून हिशोबपट्टी काढून माझ्या हातात द्यायचे. त्यांना अक्षरओळख होती, पण व्यापाऱ्याच्या मुनीमाचं अक्षर लागायचं नाही. "मनात काय वाचू राहिली, मोठ्यानं वाच," म्हणायचे. मी वाचायची: वजन एवढं, भाव एवढा, हमाली, तोलाई, वाराई, उचल वजा, बाकी एवढी. ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मनातल्या मनात जुळवायचे. एकदा मी वाचून संपवायच्या आत म्हणाले, "थांब. तोलाई दोनदा धरलीय बघ." खरंच दोनदा धरली होती. पायात चपला अडकवून तसेच परत बाजारात गेले आणि पैसे घेऊन आले. त्यातला एक रुपया माझा.

आमच्या हायस्कूलच्या व्हरांड्यात प्रत्येक खोलीच्या दारावर एक संगमरवरी पाटी होती. कोणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, कोणाच्या पत्नीच्या. आमच्या नववीच्या वर्गावर तात्यांच्या आईचं नाव होतं. एका हंगामाच्या कांद्याचे पैसे त्यांनी त्या खोलीत घातले होते. त्यांचं स्वतःचं पोर तिथं कधी बसणार नव्हतं. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षछाटणीला आलेल्या मजुरांची पोरं मात्र बसायची, आमच्याच बाकावर.

आमच्या भागात ही रीत जुनी. १९१४ साली नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला, तो खेड्यापाड्यातल्या लोकांच्या पैशावर. रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ, गणपतदादा मोरे, अण्णासाहेब मुरकुटे ही नावं आम्ही शाळेत पाठ केलेली. गंगापूर रोडवरच्या केटीएचएम कॉलेजच्या नावात त्यातली काही आद्याक्षरं होऊन बसली आहेत. पण अशा संस्थांना ज्या हजारो कुणब्यांनी पायलीभर धान्य नाहीतर चार रुपये दिले, त्यांची नावं कुठल्याच कॉलेजला नाहीत. न्यायमूर्ती रानडे निफाडला जन्मले १८४२ साली. त्याच तालुक्यातल्या आमच्या घरातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी मी. मधे शंभरावर वर्षं गेली, आणि हे अंतर तोडलं ते अशा बिननावाच्या वर्गणीनं.

मला नाशिकला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या वर्षी कांदा मातीमोल झाला होता. काढणीचा खर्चही निघेना. फी भरायची मुदत जवळ आलेली, आणि दादा, माझे वडील, दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. संध्याकाळी तात्या आले. खिशातून पट्टी काढली, नेहमीसारखी चौघडी घातलेली. आत नोटा होत्या. म्हणाले, "आजचीच आहे. मोजून घे."

"तात्या, परत कधी द्यायचे ते तेवढं सांगा," दादा म्हणाले.

"पोरगी इतकी वर्षं माझी पट्टी वाचते. तिचा पगार धर." एवढं बोलून चहा न घेता गेले.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराचं पाकीट घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी त्याला हात लावला नाही. काकूंसाठी नेलेलं लुगडं तेवढं ठेवून घेतलं.

आता आम्ही राहतो ते नेपरव्हिल शिकागोच्या पश्चिमेला, ड्युपेज नदीच्या काठी आहे. १८३१ साली जोसेफ नेपर नावाच्या माणसानं वसवलेलं. शंभर-सव्वाशे वर्षं ते मुख्यतः शेतकऱ्यांचं गाव होतं. १९६६ मध्ये टेलिफोनवर संशोधन करणाऱ्या बेल लॅब्जनं इथं मोठं केंद्र उघडलं, पाठोपाठ इंजिनिअर आले, आणि मक्याच्या शेतांत घरं उगवली. आज वस्ती दीड लाखाच्या घरात. आम्ही घर बघत होतो तेव्हा एजंटानं खोल्या दाखवायच्या आधी शाळांची नावं सांगितली. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना सारखीच घरं, पण मधून डिस्ट्रिक्टची रेघ गेली की किंमत बदलते. आमच्या मराठी मंडळींत गप्पांचा सूर ठरलेला असतो: एवढी किंमत मोजलीय, शाळा चांगली असायलाच हवी.

आमच्या शेजारच्या आजी त्या बेल लॅब्जवाल्या पिढीतल्या. यजमान टेलिफोनच्या स्विचवर काम करायचे. तीन मुलं इथल्याच शाळांत शिकून तीन राज्यांत पांगली. आता त्या एकट्या. आम्ही घरात त्यांना 'आजी' म्हणतो, समोर मात्र इथल्या रिवाजानं नावानंच.

४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीनं सायखेडा-चांदोरी पाण्यात घातलं. धरणांतून विसर्ग सुरू, खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा. पाण्याला जायला वाट नव्हती. तात्या तोवर गेलेले होते. काकूंना शेजाऱ्यांनी माडीवर नेलं एवढंच कळलं, मग फोन लागेना. मी अंगणात मोबाइल घेऊन येरझारा घालत होते. आजी कुंपणापलीकडून आल्या आणि बसल्या. १९९६ च्या जुलैत शेजारच्या ऑरोरात एका दिवसात सतरा इंचांच्या आसपास पाऊस पडला, तेव्हा त्यांनीही तळघरातला गाळ उपसला होता. "वास बरेच महिने जात नाही," म्हणाल्या, "पण जातो." काकूंचा फोन लागेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्ट्रिक्ट २०४ नं ४२ कोटी डॉलरच्या रोख्यांसाठी मतदारांचा कौल मागितला. इमारती जुन्या झाल्या होत्या, छपरं, हवेची यंत्रणा, वर्ग नीट करायचे होते. तो कौल मंजूर झाला. त्याआधी मी आजींना विचारलं, तुमच्या पेन्शनीला हे झेपतं का? तुम्ही होकार का देता? त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "माझी मुलं शाळेत होती तेव्हा ज्यांची मोठी झाली होती, त्यांनी भरलेच ना. आता माझी पाळी." आणि टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधायला लागल्या.

मी आईला फोनवर हे सांगितलं. आधी घरपट्टीचा आकडा रुपयांत ऐकून ती गार पडली. मग म्हणाली, "म्हणजे ती बाई तुमच्या पोरांची फी भरते."

तसंच आहे. माझी दोन मुलं आजींच्या आणि त्यांच्यासारख्या हजारो म्हाताऱ्यांच्या पैशावर शिकली. आम्ही किंमत मोजली ती घराची; शाळा त्यांनी आधीच उभी करून ठेवली होती.

या व्यवस्थेत एक खोट आहे, तीही सांगायला हवी. आजींचा पैसा डिस्ट्रिक्टच्या रेघेपाशी थांबतो. पलीकडे पूर्व ऑरोरात घरं स्वस्त, म्हणून कर कमी जमतो, म्हणून शाळा वर्षानुवर्षं ओढगस्तीत चालल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायदा बदलून अशा शाळांना जास्तीचा पैसा द्यायला सुरुवात केली, पण दरी एका कायद्यानं बुजत नाही. तात्यांच्या खोलीला अशी रेघ नव्हती. तशी रेघ आता तिकडेही पडते आहे. निफाड तालुक्यात द्राक्षानं पैसा आणला, आणि ज्यांना परवडतं ते मुलांच्या शाळेसाठी नाशिकला फ्लॅट घेऊन राहतात. त्यांना नावं कोणत्या तोंडानं ठेवू? आम्ही तेच केलं, फक्त जास्त लांब येऊन. पण ऐपतवाला गावातून निघाला की गावच्या शाळेची नवी खोली कोण बांधणार, हा प्रश्न मागे उरतोच.

धाकटी यंदा बारावी झाली. आता या घरातून डिस्ट्रिक्टच्या शाळेत कोणी जाणार नाही. ओळखीतली बरीच कुटुंबं याच टप्प्यावर घर विकून कमी कराच्या जागी जातात. आम्ही राहायचं ठरवलं आहे. तात्यांचं देणं मात्र इथं राहून फिटत नाही. म्हणून गावातल्या दोन मुलींच्या कॉलेजची फी आम्ही भरतो. परवा त्यातल्या एकीचा फोन आला. तिला इंजिनिअरिंग नको, बीएस्सी अ‍ॅग्री करायचंय, आणि घरचे म्हणतात, शिकूनही पुन्हा मातीतच हात घालायचे तर शिकायचं कशाला. "ताई, पैसे तुमचे आहेत, तुम्हीच सांगा ना त्यांना." मी तिच्या वडिलांना फोन लावला आणि सांगितलं, पैसे फीचे आहेत, कशाची फी ते तिनं ठरवायचं.