वेल्सच्या किनाऱ्यावर आठ दिवस

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या कोकणी मुस्लिम कुटुंबांची सुट्टी बहुधा गावी जाण्यात किंवा नातेवाइकांच्या दावतींत संपते. यंदा मात्र मुलांची दादी रत्नागिरीहून आमच्याकडे आल्या होत्या आणि बर्मिंगहॅममध्ये त्यांचा जीव रमत नव्हता. आयुष्यभर समुद्राची गाज ऐकलेल्या माणसाला देशाच्या मधोमध आणून बसवले, तर दुसरे काय होणार? त्यात मुले बोलणार इंग्रजीत. त्यांना आमची बोली समजते, पण उत्तर इंग्रजीतून येते. दादी आणि नातवंडे यांच्यात एका घरात राहूनही अंतर होते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस शाळेला आठवड्याची सुट्टी लागली, तेव्हा वेल्सच्या पश्चिम टोकाला, पेम्ब्रोकशायरमध्ये, सेंट डेव्हिड्सजवळ आम्ही एक कॉटेज भाड्याने घेतले.

हॉटेलऐवजी कॉटेज घ्यावे, असे आम्ही प्रत्येक मुस्लिम कुटुंबाला सुचवू. स्वतःचे स्वयंपाकघर असले की हलालची चिंता मिटते. आम्ही मटण घरूनच थंड पेटीत भरून नेले. सोबत तांदूळ, आमसुले, तिरफळे आणि दोन स्वतःची पातेली. नमाजला मोकळी खोली मिळते, लहानमोठ्यांना हवे तेव्हा झोपता-उठता येते. याची गरज असतेच, कारण त्या दिवसांत तिथे मगरिब साडेनऊच्या सुमारास होते आणि फजरची वेळ पहाटे तीनच्या आसपास सुरू होते.

नमाज कसर करायची की पूर्ण, हा प्रश्न मुलीने गाडीतच विचारला. आम्ही शाफई. जाण्या-येण्याचे दिवस सोडून चार दिवस किंवा अधिक मुक्कामाचा इरादा असेल, तर आपल्या मसलकात मुक्कामी पूर्ण नमाज पढायची असते. हनफी मसलकात ही मुदत पंधरा दिवसांची आहे. म्हणून वाटेत जोहर-असर एकत्र आणि कसर, कॉटेजवर मात्र सगळ्या पूर्ण. पहिल्या दिवशी असरला मुसल्ले अंथरले, तेव्हा दादी थबकल्या. कोकणात किब्ल्याकडे तोंड केले की समोर समुद्र असतो. इथे किब्ला आग्नेयेला, त्यामुळे समुद्र पाठीशी. "समुद्र तोच, आपणच फिरून उभे राहिलो," त्या म्हणाल्या.

पाहण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. पेम्ब्रोकशायरचा किनारा १९५२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि कड्यांवरून जाणारी १८६ मैलांची पायवाट १९७० साली खुली झाली. सगळी चालायची गरज नाही. रोज मैल-दोन मैल चालले तरी डोळे निवतात. मे महिन्यात कडे गुलाबी रानफुलांनी भरलेले असतात. अबेरेड्डीला दगडाच्या जुन्या खाणीत समुद्र आत घेतला आहे. तिथले पाणी निळे-हिरवे दिसते. सेंट डेव्हिड्स हे ब्रिटनमधले सर्वांत लहान शहर, वस्ती दोन हजारांच्या आत. तिथले बाराव्या शतकातले मोठे चर्च दरीत इतके खाली बांधले आहे, की जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

स्कोमर बेटावर मात्र आवर्जून जावे. मार्टिन्स हेवन येथून होडी सुटते. जागा मोजक्या असतात, म्हणून आधी नोंदणी करावी. होडीतून उतरताच उंच पायऱ्या चढायच्या असल्याने दादी काठावरच थांबल्या आणि त्यांनी खडकांवरचे सील पाहिले. बेटावर पफिन पक्षी बिळांत घरटी करतात आणि चोचीत मासे धरून माणसांच्या पायांजवळून तुरुतुरु जातात. जुलैअखेर ते खोल समुद्रात निघून जातात, त्यामुळे ऑगस्टमध्ये गेल्यास भेट होत नाही. मुलाला परतल्यावर हे सारे दादीला सांगायचे होते. 'बीळ' हा शब्द त्याला आठवेना. त्याने हातांनी उकरून दाखवले, दादींनी शब्द दिला आणि त्याने तो दिवसभर वापरला.

समुद्राची एक सूचना. दक्षिण वेल्सला लागून असलेल्या ब्रिस्टल खाडीतला भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांत गणला जातो, आणि पेम्ब्रोकशायरलाही पाणी खूप आत जाते व झपाट्याने परत येते. भरतीचे वेळापत्रक पाहूनच खडकांपलीकडे जावे. पोहायचे तर जिथे जीवरक्षक असतात तिथे, त्यांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधोमधच. किनारे इतके विस्तीर्ण आहेत की पर्दा सांभाळून बायकांनाही पाण्यात मनमोकळे पाय भिजवता येतात.

बंदरावर ताजे मॅकरेल मिळाले. हा आपल्या बांगड्याचा भाऊबंद. दादींनी तिरफळ-आमसूल घालून त्याचे तिखले केले आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच पोटभर जेवल्या. परतीच्या वाटेवर गॉवर भागातले पेनक्लॉड गाव लागले. पूर्वी तिथल्या बायका ओहोटीला गाढवे घेऊन चिखलात जात आणि कॉकल नावाचे शिंपले गोळा करत. आपल्याकडे खाडीत मुळे आणि कालवे काढणाऱ्या बायका दादींना लगेच आठवल्या.

पण या सहलीत मनात घर करून राहिली ती तिथली भाषा. वेल्समध्ये प्रत्येक पाटी दोन भाषांत असते. वळणावर रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'आराफ' लिहिलेले दिसले, तेव्हा मुलगी ओरडलीच, "सूरह अल-आराफ!" वेल्श भाषेत त्याचा अर्थ 'सावकाश'. सगळ्यांना हसू आले. पण त्या भाषेची कहाणी हसण्यासारखी नाही. एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. तरी लोकांनी भाषा सोडली नाही. झगडून १९८२ साली स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी मिळवली. २०२१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी वेल्श येते असे सांगितले. हे प्रमाण सहामागे एकाहून थोडे अधिक भरते. सेंट डेव्हिड्सच्या एका दुकानात आजी आणि छोटा नातू वेल्शमध्ये बोलत होते. मुलगा गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलला आणि आजीकडे वळताच पुन्हा वेल्शमध्ये. दादी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

माणसांच्या भाषांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी असल्याचे सूरह अर-रूममध्ये आले आहे. आम्ही मुलांना अरबी शिकवतो, इंग्रजी शाळा शिकवते. मधली, घरची भाषा तेवढी निराधार राहते. ती गेली तर तिच्याबरोबर दादींच्या आठवणीही जातील, हे कार्डिफच्या जुन्या गोदीवर आम्हाला दिसले. येथून आणि शेजारच्या बॅरी बंदरातून एकेकाळी जगभर कोळसा जाई. येमेनी आणि सोमाली खलाशी इथेच वसले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी आणि सारंगही इंग्रजांच्या जहाजांवर होते. दादींचे वडील त्यांपैकीच. गोदीच्या कठड्याला टेकून त्यांनी वडिलांच्या गोष्टी सांगितल्या: थंडीत भेगाळलेले हात, डेकवरची नमाज, घरी पाठवलेला लोकरीचा कोट. मुले ऐकत होती. अडले की विचारत होती, आणि विचारणे इंग्रजीत नव्हते, मोडक्यातोडक्या आमच्या बोलीत होते.

आता घरी एक नियम केला आहे: मगरिबनंतर जेवणाच्या दस्तरख्वानावर फक्त घरची बोली. शब्द चुकला तरी कोणी हसायचे नाही. दादी गावी परतल्या आहेत, पण दर शुक्रवारी फोनवर मुले त्यांना आठवड्याची हकिकत सांगतात. पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह, मुलांना घेऊन रत्नागिरीला जायचे आहे. ओहोटीला मुळे कसे काढतात ते दाखवायचे दादींनी कबूल केले आहे.