पेटीतील माती

घर झाडणे हे काम आपल्याकडे इतके नित्याचे आहे, की त्याविषयी विचार करावा असे कोणाला वाटत नाही. सकाळी केरसुणी फिरली, केर सुपलीत भरला, की घर स्वच्छ झाले असे आपण समजतो. परंतु ज्याचे घर आपण झाडतो, त्याच्या दृष्टीने स्वच्छता म्हणजे काय, हा प्रश्न मला प्रथम पडला तो एका कोळ्याच्या सहवासात. हा कोळी म्हणजे माळ्यावर जाळे विणणारा चिमुकला जीव नव्हे. तो टॅरंटुला नावाच्या केसाळ कोळ्यांपैकी आहे. पाय पसरले की माझा तळहात झाकून टाकील एवढा मोठा! खरे म्हणजे त्याला 'तो' म्हणणेही बरोबर नाही; कारण ती मादी आहे. घरात आम्ही तिला ठमाबाई म्हणतो.

नोकरीच्या निमित्ताने मी इंग्लंडमधील लेस्टर शहरात राहतो. या देशात कुत्रीमांजरे पाळतात, तसे कोळी पाळणारेही पुष्कळ लोक आहेत. ठमाबाईचे मूळ कुळ मेक्सिको देशाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील झुडुपी रानातले. अंग काळेभोर आणि गुडघ्यांवर शेंदरी पट्टे, असे तिचे देखणे रूप आहे. या रूपानेच तिच्या कुळावर संकट ओढवले. हौशी लोकांसाठी हे कोळी रानातून इतके पकडले जाऊ लागले, की १९८५ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. ठमाबाई मात्र रानातून आणलेली नाही. पाळीव कोळ्यांच्या पोटीच तिचा जन्म झाला. तिच्या जातीची मादी वीस-पंचवीस वर्षेही जगते. म्हणून तिला घरी आणणे म्हणजे एक दीर्घ मुदतीची जबाबदारी पत्करणे होय.

तिचे घर म्हणजे एक काचेची पेटी. तिच्यात सुमारे बारा सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर, एक झाडाच्या सालीचा तुकडा आणि पाण्याची उथळ वाटी, एवढाच संसार. मी 'माती' म्हणतो. पण ती असते नारळाच्या सोडणाची. काथ्या काढल्यावर उरणारा तपकिरी भुसा दाबून त्याच्या विटा करतात आणि भारत व श्रीलंका या देशांतून त्या दूरदूर पाठवतात. वीट पाण्यात भिजवली की फुगून तिचा मोठा ढीग होतो. तो पिळून, वाळवून मी पेटीत पसरतो. कोकणातल्या अंगणात पडलेली सोडणे मी लहानपणी किती तरी वेळा ओलांडली असतील! त्याच वस्तूवर मेक्सिकोच्या कुळातील एक जीव इंग्लंडमध्ये सुखाने बसतो, हे पाहून मला मोठी मौज वाटते.

आता तुम्ही विचाराल, रानात या कोळ्यांचे घर कोण झाडते? कोणीच नाही, आणि तरीही सगळे. कोळ्याने टाकलेले उष्टे मुंग्या ओढून नेतात, कुजके भुंगेरे खातात, ओल ऊन शोषून घेते आणि उरलेसुरले पावसाबरोबर वाहून जाते. काचेच्या पेटीत यांपैकी कोणीही नसते. ऊन, पाऊस आणि मुंग्या यांचे काम तेथे एकट्या माणसाला करावे लागते. ते त्याने केले नाही, तर उष्ट्यावर बुरशी धरते, सूक्ष्म किड्यांची वीण वाढते आणि हवा कोंदट होते. कोळ्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला, पुस्तकाच्या पानांसारख्या घड्यांची श्वसनेंद्रिये असतात. दमट आणि घाणेरड्या हवेत ती सुखी राहत नाहीत.

म्हणून माझा रोजचा एक नेम आहे. सायंकाळी पेटीजवळ बसावे आणि नुसते पाहावे. ठमाबाईला आपल्यासारखे दात नाहीत. ती भक्ष्यावर पाचक रस सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. मागे उरते पायांची आणि पंखांची एक लहानशी काळपट गोळी. ही गोळी दिसली, की मी लांब चिमट्याने उचलून टाकतो. तिची विष्ठा काचेवर चुन्याच्या शिंतोड्यांसारखी वाळते. ती ओल्या फडक्याने पुसतो. जेथे माती खराब झाली असेल, तेथली चमचाभर काढतो आणि तेवढीच नवी घालतो. पाण्याची वाटी धुऊन भरतो. रातकिडे हे तिचे अन्न. ते मी मोजून सोडतो, आणि तिने खाल्ले नाहीत तर दुसऱ्या दिवशी मोजून बाहेर काढतो. हे सर्व करताना तोंड पेटीवर झुकवायचे नाही, हातमोजे काढायचे नाहीत आणि काम संपताच हात धुवायचे. कारण ठमाबाई रागावली, की मागच्या पायांनी आपल्या पोटावरचे केस उडवते. ते कुसळासारखे टोचतात; डोळ्यांत गेले तर फारच त्रास देतात.

माझी बहीण याच शहरात राहते. तिची बारा वर्षांची मुलगी दर रविवारी ठमाबाईला भेटायला येते. एकदा ती मला म्हणाली, "मामा, तू नेहमी चमचाभरच माती काय काढतोस? सगळी पेटी रिकामी करून एकदाच लख्ख धुऊन का टाकत नाहीस?"

"अगं, आपली दिवाळीची साफसफाई करताना तुला डोळे बांधून नव्या घरात नेऊन सोडले, तर?" मी विचारले.

ती हसली, पण माझे म्हणणे थट्टेचे नव्हते. आठ डोळे असूनही टॅरंटुलाला फारसे स्पष्ट दिसत नाही. पायांवरच्या केसांनी जमिनीची बारीकशी थरथरही ती ओळखते. सालीखालच्या आपल्या बिळाला तिने रेशमी धाग्यांचे अस्तर लावलेले असते आणि दाराशीही असे धागे पसरलेले असतात. कोण आले, भक्ष्य की शत्रू, हे तिला त्या धाग्यांवरून कळते. आपण सगळी माती बदलली, म्हणजे तिच्या मते घर स्वच्छ झाले नाही; घर नाहीसे झाले. कुजकी दुर्गंधी आली किंवा किडे फार माजले, तर संपूर्ण माती बदलावीच लागते. एरवी थोडके आणि वेळेवर काम केले, की ती पाळी क्वचितच येते.

गेल्या हिवाळ्यात या नियमाची कसोटी लागली. ठमाबाईने खाणे सोडले. पाठीमागचा केस झडलेला भाग काळवंडला. ती कात टाकणार, याची ही खूण. मी दोन रातकिडे सोडले होते. एक लगेच सापडला, दुसरा मात्र दिसेना. अर्धा तास बसून सालीच्या कडेकडेने पाहत राहिलो, तेव्हा एका फटीत त्याची मिशी हलताना दिसली. मी त्याला बाहेर काढले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. माझी भाची पेटीत डोकावली आणि किंचाळली, "मामा, ठमाबाई मेली!"

ठमाबाई पाठीवर उताणी पडली होती. आठही पाय वर. "मेली नाही," मी म्हणालो, "ती कात टाकते आहे. आता आवाज करू नकोस."

तेवढ्यात भाचीला वाटीजवळच्या ओलसर कोपऱ्यात नखाएवढी पांढरी बुरशी दिसली. ती कुजबुजली, "निदान ती तरी काढ." माझाही हात शिवशिवला. पण नखाएवढी बुरशी एका दिवसात कोणाचा जीव घेत नाही. चिमट्याच्या धक्क्याने मात्र या घटकेला तिचा पाय मोडू शकतो. कारण जुन्या कवचातून बाहेर येणारे अंग लोण्यासारखे मऊ असते. तो दुसरा रातकिडा आत राहिला असता, तर त्याने त्या मऊ अंगाला चावे घेतले असते. त्याला काढणे ही स्वच्छताच होती; आणि बुरशीला त्या दिवशी हात न लावणे हीही स्वच्छतेचीच एक बाजू होती.

आम्ही झाकणालाही हात न लावता बसून राहिलो. हळूहळू जुने कवच उकलले आणि एकेक पाय हातमोज्यातून बोट काढावे तसा बाहेर आला. संध्याकाळपर्यंत ठमाबाई नव्या झळझळीत रंगात बाजूला पहुडली होती. तिचे विषदंत अजून पांढरे होते. पुढे ते लाल झाले, मग काळे झाले. तोवर मी तिला खायला घातले नाही. ती उठून पाण्याशी गेल्यावर मी कात उचलली आणि नंतर बुरशीची चमचाभर माती काढली. ती कात आज माझ्या भाचीच्या शाळेच्या कपाटात एका डबीत आहे.

आपल्या सह्याद्रीतही टॅरंटुला आहेत. कोणी झाडांच्या ढोलीत राहतात, कोणी जमिनीतल्या बिळात. त्यांना पकडून पेटीत घालण्याचा मोह कोणी धरू नये. त्यांचे घर झाडायला तेथे मुंग्या, भुंगेरे आणि मृगाचा पाऊस समर्थ आहेत. जेथे आपण एखाद्या जीवाला त्याच्या रानापासून वेगळे केले आहे, तेथेच आपल्या हाती केरसुणी येते. ती हाती आली, म्हणजे दोन गोष्टी शिकाव्या लागतात : काय उचलावे, आणि कशाला हात लावू नये. पहिली गोष्ट डोळे उघडे ठेवले की लवकर येते. दुसरीसाठी दुसऱ्याच्या जागी बसून पाहावे लागते, मग त्या दुसऱ्याला आठ पाय का असेनात.