खंड्याच्या पायातील दोरा

छायाचित्र टिपणे हे अर्धेच काम. उरलेले अर्धे घरी संगणकासमोर बसून करावे लागते, हे आम्हांस फार उशिरा उमगले. वसईच्या खाडीत, होडीतून जाता जाता, बांबूवर बसलेला एक खंड्या आम्ही टिपला. पडद्यावर त्याची पाठ निळीशार झळकत होती. घरच्या प्रिंटरवर छापताच ती काळवंडली. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद केवळ पडलेला प्रकाश परत करतो. शिवाय खंड्याचा तो निळा मुळी रंगद्रव्याचा नव्हेच. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून विखुरणाऱ्या प्रकाशाची ती करामत. शाईत ती कोठून सापडावी? उजळपणा वाढवून छापलेली तिसरी प्रत त्यातल्या त्यात बरी उतरली. (महागाचा कागद किती वाया गेला, हे आम्ही घरात सांगितले नाही.)

खरा पेच निराळाच होता. खंड्याच्या पायात जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंतला होता. तो पुसणे संगणकावर क्षणाचे काम! धुळीचे डाग पुसतो, कडा छाटतो, त्यातलेच हे एक, अशी आम्ही मनाची समजूत घातली आणि चित्र बैठकीच्या खोलीत लावले.

आठवड्याने होडीवाले काका घरी आले. चित्राजवळ जाऊन त्यांनी बराच वेळ निरखले आणि आनंदाने विचारले, "सुटला काय दोरा त्याचा?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. त्याच रात्री चौथी प्रत छापली, दोऱ्यासकट.