घड्याळाची पारख

आमचे वडील मोडनिंब येथील एका आडतीच्या दुकानांत हिशेब लिहीत असत. एकदां खतावणींत २७ रुपयांची तफावत आली. "नवानें भाग जातो, कोठें तरी अंकांची उलटापालट झाली असावी," असें म्हणून ते रात्रभर कंदिलाशीं बसले. पहांटे ६३ च्या जागीं लिहिलेले ३६ सांपडले.

पुढें संगणकाच्या नोकरीसाठीं आम्हीं पुण्यास परीक्षा दिली. अंकमालिका, आकृतींतील साम्यें, गणितें. १९५५ सालच्या आय. बी. एम.च्या कसोटीचाच तो सांचा. घड्याळ आमच्यापुढें धांवलें व आम्ही नापास झालों. अन्यत्र तेंच काम मिळालें, तेव्हां कळलें कीं, आज्ञावली लिहिणें थोडें, तींतील आपली चूक शोधणें फार. अशा कसोटीचे गुण शिक्षणवर्गांतील यशाशीं जितके जुळतात, तितके प्रत्यक्ष कामाशीं जुळत नाहींत, असें अभ्यासकांसही आढळलें आहे.

कालांतरानें उमेदवार पारखण्याची पाळी आमच्यावर आली. आम्हींही घड्याळच लावलें! एक मुलगा पुढील उदाहरणें सोडून पहिलेंच पुन्हां तपाशीत बसला. त्यास आम्हीं नापास केलें. घरीं परततांना वडिलांचा तो कंदील आठवला, आणि त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.