मासा नसलेलं तळं

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला वजनच नसतं. माझा हात तयार झाला कर्ली नदीच्या काठी, कुडाळच्या बाजूला. त्यामुळे ही गोष्ट डोक्याला पटली तरी मनगटाला पटायला अख्खा उन्हाळा गेला. आमच्याकडे बांबूची काठी, तंगूस, थोडं शिसं आणि टोकाला गांडूळ. गरी टाकायची म्हणजे शिसं भिरकवायचं, तंगूस निमूट त्याच्यामागून जातो. इथे नेमकं उलटं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली ती नकली माशी इतकी हलकी की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. वजन असतं ते दोरात. हा जाड, लेप दिलेला दोर डोक्यावरून मागे टाकायचा, तो पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायचा. माशी त्याच्याबरोबर आपसूक जाते. सगळं कसब त्या थांबण्यात आहे. घाई करणाऱ्याचा दोर त्याच्याच कानाभोवती गोळा होतो.

मामांना हा प्रकार दाखवला असता तर ते हसले असते. त्यांच्या लेखी मासे धरायचे ते जेवणासाठी. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओहोळ लाल झाले की चढणीचे मासे वर यायचे आणि गावातली पोरंसोरं, बायाबापडे टोपल्या घेऊन शेतात उतरायचे. त्या धांदलीत मामा नसत. ते पाऊस ओसरल्यावर, पाणी निवळल्यावर, एकटे गरवायला जात. मला सोबत नेत ते एका अटीवर. ‘गप रव. माशाक आयकाक येता.’ आम्ही दोघं खडकावर बसायचो आणि मला चटणीभाकरी मिळायची तीही खूण करून मागावी लागे. जे मिळे ते संध्याकाळी तिरफळ घालून शिजे. मासा सोडून द्यायचा असतो हे त्या घरात कोणी बोललं असतं तर त्याला ताप आहे का ते पाहिलं असतं.

मुंबईत शिक्षण आणि नोकरी झाली. त्या वर्षांत मासा फक्त बाजारात भेटला. गरी पुन्हा हातात आली ती कॅलिफोर्नियात. ऑफिसातला एक सहकारी मोंटानाचा होता. माझं गरी-पुराण ऐकून तो मला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये घेऊन गेला. तिथे १९३०च्या दशकात बांधलेले काँक्रीटचे मोठे हौद आहेत, फक्त दोर फेकण्याच्या सरावासाठी. हौदात एकही मासा नाही. रविवारी सकाळी म्हातारी माणसं तिथे उभी राहून पाण्यातल्या कड्यांवर नेम धरतात, आणि नेम लागला की एकमेकांकडे पाहतसुद्धा नाहीत. मला ती जागा फार आवडली.

माश्या बांधायचा नाद त्याच्या पाठोपाठ लागला. कोंबड्याच्या मानेचं पीस गळाभोवती गुंडाळलं की त्याचे ताठ केस पाण्यावर उभे राहतात आणि माशी तरंगते. त्या पिसांच्या कातड्याला तिकडे केप म्हणतात. दुकानात सगळ्यांत स्वस्त खणात ‘इंडियन केप’ असतात, आपल्याकडच्या साध्या कोंबड्यांच्या. महागड्या केप खास जोपासलेल्या अमेरिकी कोंबड्यांच्या. मी अजून स्वस्त खणातूनच घेतो. त्याला देशाभिमान म्हणा किंवा कंजूषपणा. बहुतेक वेळा ॲडम्स बांधतो. १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी बांधलेली ही करड्या रंगाची माशी कुठल्याच एका कीटकासारखी नाही, म्हणून थोडीथोडी सगळ्यांसारखी आहे.

हे सगळं घेऊन मी सिएरा नेवाडाच्या वरच्या तळ्यांकडे गेलो. पहिली कॉटनवुड लेक्स. लोन पाइन गावातून गाडीरस्ता वळणं घेत हॉर्सशू मेडोपर्यंत जातो, तिथेच दहा हजार फूट उंची होते. पुढे पायी चालत अकरा हजार फुटांवर तळी लागतात, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर. झाडं संपत आलेली असतात, मागे लँगली शिखराचा कडा असतो आणि पाणी असं नितळ की मासा आधी दिसत नाही, तळावरची त्याची सावली दिसते.

नदीतला मासा एका जागी प्रवाहाकडे तोंड करून राहतो, कारण प्रवाह त्याला खाणं आणून देतो. तळ्यात पाणी काहीच आणत नाही, म्हणून तिथल्या ट्राउट माशाला गस्त घालावी लागते. काठापासून दोन-चार हातांवरून तो फेरी मारतो, उथळ आणि खोल पाण्याची जिथे सीमा असते तिथून. बराच वेळ न टाकता नुसतं पाहिलं तर त्याची वाट कळते. मग माशी त्याच्या पुढे, रिकाम्या पाण्यावर ठेवायची आणि तो येईपर्यंत हलायचं नाही. त्याला बाहेरचं जग पाण्याच्या पृष्ठभागावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या शंकूतून. जमिनीलगतचं फारसं दिसत नाही. म्हणून काठाला गुडघ्यावर जावं लागतं, उभा राहिलेला माणूस त्याला लगेच कळतो. दुपारी दरीतून वारा वर चढतो आणि खालच्या जंगलातल्या मुंग्या, किडे उडवून आणून पाण्यावर टाकतो. ही या तळ्यांची जेवणाची वेळ.

तिथला मासा म्हणजे गोल्डन ट्राउट, १९४७पासून कॅलिफोर्नियाचा राज्यमासा. लांबी बहुधा वीतभर. पाठ शेवाळी, बगला पिवळ्याधमक, पोट लालभडक. देवळातल्या रंगकाम्याला मोकळं सोडावं तसा रंगवलेला. ओल्या हाताने धरला, गळ काढला, सोडला. त्या रात्री आईला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, ‘सोडूचोच होतो, तर धरलंस कित्याक?’

या प्रश्नाला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. पण त्याच्याहून अवघड प्रश्न पुढे उभा राहिला: तो मासा तिथे आला कसा?

हिमनद्यांनी कोरलेल्या या तळ्यांच्या खाली धबधबे आहेत आणि धबधबा चढून मासा येत नाही. सिएरातली उंचावरची तळी जवळजवळ सगळी मूळची बिनमाशांची. गोल्डन ट्राउटचं घर केर्न नदीच्या वरच्या खोऱ्यात, तेवढ्याच भागात. १८७६ साली लाकडाची गिरणी चालवणाऱ्या काही जणांनी डझनभर मासे कॉफीच्या किटलीत घालून कॉटनवुड ओढ्यात नेऊन सोडले. तिथून ते तळ्यांत नेले गेले. पुढे खेचरांच्या पाठीवर डब्यांतून मासे गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर सरकारी मत्स्यखातं विमानातून पिल्लांचा पाऊस पाडू लागलं. रानातलं रान म्हणून मी जिथे जात होतो ती, मासळीपुरतं बोलायचं तर, पाळीव तळी होती.

आमच्या मराठी मंडळात हे सांगितलं की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘म्हणजे आपल्यासारखेच की, बाहेरून आणलेले!’ ही तुलना मला मुळीच मान्य नाही. मी अर्ज करून, रांगेत उभा राहून आलो. शिवाय मी इथल्या कोणाला खाल्लेलं नाही.

ट्राउटने खाल्लं. १९२४ साली ग्रिनेल आणि स्टोरर यांनी योसेमिटीच्या प्राण्यांवर पुस्तक लिहिलं तेव्हा उंचावर सगळ्यांत जास्त आढळणारा उभयचर म्हणजे पिवळ्या पायांचा बेडूक होता. २०१४ साली तोच बेडूक संकटग्रस्तांच्या यादीत गेला. एक कारण बुरशीचा रोग, दुसरं ट्राउट. या बेडकाच्या पिल्लांना, शाळेच्या पुस्तकातल्या भैकेरांना, बेडूक व्हायला दोन ते चार वर्षं लागतात. म्हणून हिवाळ्यात तळापर्यंत न गोठणारं खोल तळंच त्यांना लागतं. ट्राउटलाही नेमकं तेच लागतं.

हे मी वाचलं होतं, पण पाहिलं सिक्स्टी लेक बेसिनमध्ये. किंग्ज कॅन्यनमधल्या रे लेक्सवर मी माशांसाठी गेलो होतो. कीअरसार्ज आणि ग्लेन या दोन खिंडी ओलांडून. रे लेक्समध्ये ट्राउट आहेत. तिथून पश्चिमेला एक पायवाट छोटी धार चढून सिक्स्टी लेकच्या खोऱ्यात उतरते. तिथल्या काही तळ्यांतून संशोधक व्हॅन्स व्रेडेनबर्ग यांनी जाळी लावून ट्राउट काढून टाकले होते आणि काही वर्षांतच बेडूक वाढले, हे त्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलं. रोलंड नॅप यांचं कामही याच दिशेचं. योसेमिटीत मासे सोडणं थांबल्यानंतर वीस वर्षांत बेडकांची संख्या सुमारे सातपट झाल्याचं त्यांनी २०१६ साली दाखवलं.

रॉड पिशवीतच ठेवून मी एका बिनमाशांच्या तळ्याशी बसलो. सकाळी दहाच्या सुमाराला मेफ्लाय नावाचे किडे निघू लागले. पाण्याखालची त्यांची पिल्लं वर येतात, पृष्ठभागावर कात टाकतात आणि पंख वाळेपर्यंत तिथेच तरंगत राहतात. याच क्षणाची नक्कल करायला जगभरचे फ्लाय फिशर पिसं गुंडाळत बसतात. ट्राउटच्या तळ्यात मी दोन-चार मेफ्लाय दिसले तरी खूश होत असे. इथे पाण्यावर गणतीच नव्हती. त्यांच्यावर रोझी फिंच नावाचे डोंगरी पक्षी तुटून पडत होते. पक्ष्यांचा अभ्यास हेच सांगतो: मासा नसलेल्या तळ्यांवर मेफ्लाय कितीतरी जास्त, म्हणून फिंचही जास्त. मामांच्या अटीने मी तिथे बसलो, काही न टाकता. आमची सगळी विद्या ज्या किड्यावर उभी आहे तो किडा बघायचा असेल तर मासा नाही तिथे जावं लागतं, हे कुठल्याही फ्लाय फिशिंगच्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

तळी रिकामी करण्यावरून मासेमारी करणाऱ्यांमध्ये राग आहे. बापाबरोबर जिथे पहिला मासा धरला ते तळं जाळ्याखाली गेलं तर माणूस चिडणारच. पण मासे काढले जातात ते थोड्याच तळ्यांतून. बाकी शेकडो तळी आपल्यासाठी आहेत. माझ्या आवडत्या तळ्याची पाळी आली तरी मी विरोधाच्या पत्रावर सही करणार नाही.

तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलं तर एवढं करा. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला परवाना लागतो, तो आधी काढा आणि त्या तळ्याचे नियम वाचा. गोल्डन ट्राउट मिळाला तर ओल्या हाताने सोडा. अमेरिकेच्या पूर्वेकडून आणलेला ब्रुक ट्राउट मिळाला तर मात्र सोडू नका. त्याला अंडी घालायला ओढाही लागत नाही, तळ्याच्या खडीतच घालतो, म्हणून तळी त्याच्या खुरटलेल्या पिल्लावळीने भरून जातात. नियमात बसतील तेवढे घ्या, हळद-तिखट-मीठ लावा, रव्यात घोळवा आणि तव्यावर टाका. माझ्या आईलाही हे पटलं आहे.