अण्णांनाच ऐकू येणारी घूं

काचीगुड्याचं घर सोडून बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा अण्णांनी पलंग-कपाटांचं काही विचारलं नाही. रेकॉर्डी कुठे आहेत, एवढंच. बालगंधर्वांच्या ७८च्या जड तबकड्या, हिराबाई, माणिक वर्मा आणि ‘कट्यार काळजात घुसली’ची एलपी. आपल्या सुलतान बाजार-काचीगुड्याकडच्या बऱ्याच घरांत असा एक कोपरा अजून असेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सामान हलवणाऱ्या पोरांनी वायरी जोडून दिल्या, अँप्लिफायर सुरू केला आणि स्पीकरमधून घूंऽऽ! मधमाश्यांचं पोळं उठावं तसं. वसंतरावांच्या तानेखाली सतत तेच. मग सल्ले सुरू झाले. सुई बदला, प्लेअर बदला. माझ्या भाच्याने तर सगळं मोडीत काढून ब्लूटूथ स्पीकर घ्यायला सांगितलं.

शेवटी कोठीहून एक वयस्कर मेकॅनिक आले. पानाचं तबक वगैरे नको म्हणाले, चहा घेतला. स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायच्या आधी त्यांनी फक्त ऐकलं, हे मला फार आवडलं. सुई उचलून ठेवली, तरी घूं आहेच. म्हणजे रेकॉर्डचा दोष नाही. तबकडी थांबवली, तरी आहे; म्हणजे मोटरची घरघर नाही. अँप्लिफायरचं बटण फोनोवरून रेडिओवर फिरवलं, आवाज गायब. म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर ठीक, भानगड प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंतच्या वाटेत. मग टोनआर्मच्या धातूला बोट लावलं, तर घूं बदलली. “अम्मा, इसका अर्थ का वायर च नै लगाए,” म्हणाले. प्लेअरमागे एक बारीक वायर लोंबत होती. ती अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली दाबली आणि खोली शांत झाली.

या वायरीचं एवढं महत्त्व का, तेही त्यांनीच सांगितलं. पिकअपमधून येणारा करंट अगदी नाजूक, व्होल्टचे काही हजारांश. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच फार रुंद होईल. वाजवताना अँप्लिफायर तो पुन्हा वाढवतो. मधल्या सुरांच्या तुलनेत ५० हर्ट्झचा आवाज जवळजवळ सातपट. आणि आपल्या घरातली वीजही नेमकी ५० हर्ट्झचीच! भिंतीतली वीज वायरीत जरा डोकावली की तीच सातपट होऊन गाऊ लागते.

इथवर सगळं सोपं होतं. महिनाभराने अण्णा म्हणाले, “अगं, घूं पुन्हा आली.”

मी कान स्पीकरला लावला. काही नाही. भाच्याने ऐकलं, शेजारच्या मुलाने ऐकलं. काही नाही. वायर घट्ट होती. अण्णा मात्र ठाम. दोन-चार दिवसांनी तर रेकॉर्ड लावलेली नसतानाही घूं येते म्हणाले, आणि तिथून घरातल्या बोलण्याचा सूर बदलला. पुण्याहून दादाचा फोन आला, “अण्णांना भास व्हायला लागलेत. डॉक्टरला दाखव.” मग त्यांना एकटं ठेवायचं का, गॅसचं काय, बँकेच्या सह्या आता कोणी करायच्या, सगळं ओघाने आलंच. वय ८६. या वयात एक चमत्कारिक वाक्य बोललं की माणूस लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात. अण्णांना ते कळत होतं. त्यांनी तक्रार करायचं सोडलं आणि रेकॉर्ड लावायचंही. “तुम्ही ऐका,” म्हणायचे आणि बाल्कनीत जाऊन बसायचे.

मला ते पटत नव्हतं. पेपरातलं शब्दकोडं पेनने सोडवणारा माणूस एवढ्या एकाच गोष्टीत कसा घसरेल? म्हटलं, मेकॅनिकचीच रीत वापरू. रेकॉर्ड नाही, तबकडी बंद, फक्त अँप्लिफायर चालू. “अण्णा, येते का?” “येते.” अँप्लिफायर बंद. “गेली.” पुन्हा चालू, पण आवाजाची खुंटी शून्यावर. “आली.” म्हणजे स्पीकरशी संबंधच नाही! त्यांना खुर्चीवरून उठवून दारापर्यंत नेलं. “कमी झाली.” बाल्कनीत अजिबात नाही. भास असा फूटपट्टीने मोजून कमी-जास्त होत नाही.

कानातलं मशीन काढायला सांगितलं. घूं बंद. अर्थात बाकी सगळंच बंद.

मशीन घेतलं होतं त्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरला जोडून पाहिलं आणि सहज म्हणाली, “हे टी-कॉइलवर आहे.” मशीनमध्ये एक इवलीशी कॉइल असते, टेलिफोनच्या रिसीव्हरचं चुंबकीय क्षेत्र थेट पकडण्यासाठी. अण्णांच्या मशीनवर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये माइक आणि कॉइल दोन्ही चालू राहत, त्यामुळे आमचं बोलणंही ऐकू येई आणि त्यांच्या खुर्चीला खेटून असलेल्या अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरची घूंसुद्धा. चष्मा चढवताना कानामागचं बटण दाबलं जात होतं. मशीन विकताना याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

तिने तो प्रोग्रॅम बंद केला. रिक्षात अण्णा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, “दादाला फोन लाव. मी बोलतो.” काय बोलले ते मी मुद्दामच ऐकलं नाही, स्वयंपाकघरात गेले. बँकेचा विषय त्यानंतर निघाला नाही.

संध्याकाळी त्यांनी ‘कट्यार’ काढली, मऊ कापडाने पुसली. दुसऱ्या बाजूला एक ओरखडा आहे, दर फेरीला, म्हणजे १.८ सेकंदांनी, टक् वाजतं. मी विचारलं, याचं काही करता येतं का बघू?

“हा आवाज तुलाही येतो ना?” अण्णा म्हणाले. “मग असू दे.”