सागाला एक ब्लेड, प्लायला दुसरं

नाशिकच्या कामात माझ्या हाताखालून दोन प्रकारचा माल सतत जातो: पाडलेल्या वाड्यांतून निघालेला जुना साग आणि आठ बाय चारच्या प्लायच्या शीट. दोन्ही लाकूडच, म्हणून दोन्हीला एकच ब्लेड चालवायचं, ही रीत मला पटत नाही. साग उभा चिरताना भुसा लांब आणि भरपूर निघतो. तो बाहेर पडायला दातांमधली खाच मोठी हवी. म्हणून दहा इंची ब्लेडला २४ दात पुरतात. तिथे ८० दातांचं ब्लेड लावलं की भुसा खाचेतच अडकतो, ब्लेड घासतं, तापतं आणि कडा काळी पडते. प्लायचं उलट आहे. त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे शीट कशीही फिरवा, काही थर आडवेच कापले जाणार. पृष्ठावरचा पातळ थर दात बाहेर पडतो त्या बाजूला उडतो. त्याला ६० ते ८० दात हवेत, शिवाय टेबलावरच्या कटरला चांगली बाजू वर आणि हातातल्या कटरला खाली.

यावर मिस्त्री म्हणतात, ४० दातांचं एकच ठेवा, साइटवर ब्लेड बदलत कोण बसणार? कपाटाच्या आतल्या सांगाड्यासाठी, जिथे कडेवर पट्टी बसणार आहे, तिथे मला हे मान्य आहे. पण व्हिनियरच्या दारावर उडालेली कपची पॉलिशने झाकली जात नाही आणि अख्खी शीट वाया जाते. दुसऱ्या ब्लेडची किंमत त्यापुढे कमीच. शिवाय सागातली वाळू आणि प्लायमधला डिंक दोन्ही धार खातात, म्हणून साधं पोलादी ब्लेड लवकर बोथट होतं. कार्बाइडचे दात टिकतात, आणि धार गेली तरी पुन्हा लावून घेता येते. काम दोन ब्लेडांत वाटलं की दोघांची धारही जास्त दिवस राहते.

कार्बाइड कठीण तितकंच ठिसूळ. वाड्याच्या तुळईत बुडलेला जुना लोखंडी खिळा दाताला लागला तर तुकडा तुटून थेट डोळ्याकडे येऊ शकतो. म्हणून अशा सागावर आधी लोहचुंबक फिरवावा, सापडलेला खिळा काढावा, चष्मा लावावा आणि मगच कटर चालू करावा.